वजन, मनःस्थिती आणि ताणाची कसोटी

कुमारवयीन मुलामुलींचे वजन, त्यांची मनःस्थिती आणि ताणाच्या प्रसंगी त्यांच्या शरीरात उमटणारी प्रतिक्रिया यांचा संबंध शोधणाऱ्या संशोधनाविषयी भाषाभ्यासकाने मत द्यावे, ही काहींना अनधिकार चर्चा वाटेल. परंतु या संशोधनातील ताण बहुधा मुलांना बोलावयास लावूनच उत्पन्न केलेला असतो, आणि मनःस्थितीही शब्दांनीच मोजलेली असते.

जर्मनीतील ट्रिअर येथे किर्शबाउम, पिर्के व हेलहामर यांनी १९९३ साली मांडलेली कसोटी अशा प्रयोगांत विशेष रूढ आहे. थोड्या तयारीनंतर परीक्षकांपुढे भाषण करावयाचे आणि मग मोठ्याने वजाबाक्या करावयाच्या. लहान मुलांनी भाषणाऐवजी अर्धवट गोष्ट पुरी करावयाची. मूळ कसोटीत परीक्षक चेहरा निर्विकार ठेवतात. (तोंडी परीक्षा दिलेल्यांस अधिक सांगणे नलगे.) नंतर नाडीचा वेग आणि लाळेतील कॉर्टिसॉल पाहतात.

ही कसोटी सर्व मुलांना सारखीच असते काय? डिकर्सन व केमेनी यांनी २००४ साली २०८ प्रयोगांचा आढावा घेऊन दाखविले की, इतर लोक आपल्याला जोखीत आहेत आणि परिस्थिती आपल्या हाती नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढते. तान्हेपणी ज्या अंगाचे 'बाळसे' म्हणून कौतुक झाले, त्यालाच बाराव्या-तेराव्या वर्षी 'ढोल्या', 'जाड्या' अशी नावे चिकटतात. अशा मुलाला परक्यांपुढे उभे करणे आणि त्याच्या सडपातळ सोबत्याला उभे करणे, हा एकच प्रयोग नव्हे. स्थूल मुलांची प्रतिक्रिया निराळी आढळली, तरी ती मेदामुळे की पाहणाऱ्या डोळ्यांमुळे, हे अशाने ठरत नाही.

वजनाचे मापही निःसंदिग्ध नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय २२.३ असूनही शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के भरली, हे त्यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छायाचित्रासह प्रसिद्ध केले आहे.

मनःस्थितीच्या प्रश्नावलीत घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. 'छातीत धडधडते', 'पोटात गोळा येतो' हे मराठी मुलाचे भीती सांगण्याचे स्वाभाविक शब्दप्रयोग होत. ते मनःस्थितीच्या गुणांत धरावयाचे आणि मग त्या गुणांचा नाडीच्या वेगाशी संबंध सापडला म्हणावयाचे, म्हणजे धडधडीचे नाते धडधडीशीच लावणे होय. अनुवादकाने अशी विधाने वेगळी काढून त्यांचे गुण निराळे मोजले पाहिजेत.

पहिल्या आक्षेपाला मात्र प्रयोगानेच उत्तर मिळू शकेल. श्वाबे व सहकाऱ्यांनी २००८ साली बर्फाच्या पाण्यात हात बुडविण्याची जुनी कसोटी नुसती घेतली आणि समोर निरीक्षक व कॅमेरा ठेवूनही घेतली. दुसऱ्या प्रकारात कॉर्टिसॉल अधिक वाढले. निरनिराळ्या वजनाच्या कुमारांवर हे दोन्ही प्रकार करून पाहावेत. वजनाचा फरक एकांतातही टिकला तर शरीरशास्त्रज्ञांचे म्हणणे खरे. तो केवळ निरीक्षकासमोरच दिसला, तर आजवरच्या पुष्कळ निष्कर्षांचा फेरविचार करावा लागेल.