डार्सीची एक ओळ

खर्ड्याला बहुतेक लोक 1795 च्या लढाईची आठवण घेऊन येतात, किल्ला पाहतात. मला तिथल्या विहिरींची ओढ. काठावरून वाकून पाहावे: वर माती, खाली मुरूम, मग काळा कातळ आणि कातळाच्या एखाद्या चिरेतून ओघळणारा झरा. हे पाणी कुठून आले, येताना काय घेऊन आले, हे सांगणारी एक ओळ आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी देणाऱ्या आँरी डार्सी या अभियंत्याने वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून ती शोधली आणि 1856 मध्ये छापली:

प्रवाह = − वहनक्षमता × उतार

आधी ते उणे चिन्ह पाहा. पातळी जिकडे चढते, त्याच्या उलट दिशेला पाणी निघते, एवढेच ते म्हणते. पण त्यात केवढे सामावले आहे! उपसा वाढला की विहिरीची पातळी खचते, उतार विहिरीकडे वळतो आणि शेजारच्या उकिरड्याखालचे पाणीही वाट बदलून आत येते.

मला सर्वांत भावतो तो पुढचा भागाकार. प्रवाहाला खडकातल्या मोकळ्या जागेने भागले की पाण्याचा खरा वेग हाती येतो. प्रवाह दिवसाला 1 सेंटिमीटर धरा. वाळूत मोकळी जागा 25 टक्के असेल तर वेग 4 सेंटिमीटर. आपल्या कातळात ती 2 टक्के धरली, तर 50! प्रवाह तोच असेल, तर जागा जितकी कमी, तितकी धाव मोठी. युरियापासून बनणारे नायट्रेट मातीला फारसे चिकटत नाही, पाण्याच्या चालीनेच जाते. फॉस्फेट मातीच्या कणांना धरून रेंगाळते. म्हणून संगणकावरच्या प्रारूपात प्रत्येक द्रव्याला त्याची चाल द्यावी लागते, वाटेत पसरत जाण्याचा हिशेबही मांडावा लागतो. चिरांचा पुरता नकाशा मात्र कुणाजवळच नसतो, आणि प्रारूप अडखळते ते तिथेच.

हाच काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, लोणारला आहे. उल्कापाताने झालेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीच्या तिथल्या विवरातल्या सरोवरात झरे उतरतात. गोमुखाची धार तर बारमाही. ऊन पाणी नेते, विरघळलेले मागे ठेवते. काठावरच्या शेतातले, वस्तीतले नायट्रेट झऱ्यावाटे उतरले, तर ते किती दिवसांत पोचेल याचा अंदाज डार्सीची ओळ देते. ते बाहेर कसे जाईल, याचे उत्तर तिच्यापाशी नाही. 2020 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या या सरोवरातून एकही ओढा बाहेर पडत नाही.