शब्द, चाल आणि एक ऑक्टोबर

वृत्तपत्रांत नित्यनेमाने छापल्या जाणाऱ्या ‘दिनविशेष’ या सदराने लोकप्रिय संगीताचा इतिहास वाचण्याची आपल्याला एक विशिष्ट सवय लावून ठेवली आहे. अमुक गायकाची जयंती, तमुक संगीतकाराची पुण्यतिथी, अमक्या चित्रपटाच्या प्रदर्शनाला झालेली पन्नास वर्षे, अशा नोंदींवर आकाशवाणीचे कार्यक्रम बेतले जातात, सभागृहांत वाद्यवृंद बसतात आणि त्या दिवसापुरती ती गाणी पुन्हा कानांवर येतात. या प्रेमाविषयी माझी तक्रार नाही. ज्या समाजाला आपल्या गाणाऱ्यांच्या तिथी मुखोद्गत आहेत त्याला कलेविषयी उदासीन कोण म्हणेल? परंतु गीत घडते कसे, कोणत्या अडचणींतून आणि कोणत्या संस्थांच्या आश्रयाने घडते, याचा विचार या नोंदींतून सहसा होत नाही, आणि तो न झाल्यामुळे सुगम संगीतावरील आपली समीक्षा आठवणी आणि गौरव यांच्या पलीकडे फारशी सरकलेली नाही.

तारखेला स्वतःचे कर्तृत्व नसते, हे मान्य. तथापि १ ऑक्टोबर ही तारीख अशी आहे की, तिच्या निमित्ताने हा विचार टाळताच येऊ नये. १९०६ साली या दिवशी, आज बांगलादेशात असलेल्या कोमिल्ला गावी, त्रिपुराच्या राजघराण्यात सचिन देव बर्मन जन्मले. पुढे बरोबर तेरा वर्षांनी, १९१९ च्या १ ऑक्टोबरला, दोन कवी एकाच दिवशी जन्माला आले : एक सुलतानपूरचे असरार हसन खाँ, ज्यांना जग मजरूह सुलतानपुरी म्हणून ओळखते; आणि दुसरे आजच्या आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे जन्मलेले गजानन दिगंबर माडगूळकर. (माडगूळकरांचे सहकारी सुधीर फडके हेही १९१९ चेच, जुलै महिन्यातले.) एक संगीतकार आणि दोन गीतकार, आणि योगायोग असा की, आधी चाल की आधी शब्द, या गीतकलेतील जुन्या वादाच्या दोन्ही बाजू या तिघांच्या कार्यात पूर्णपणे उभ्या राहतात.

बर्मन १९४४ मध्ये मुंबईस आले ते बंगालच्या भटियालीचा, नदीवरच्या नावाड्यांच्या लांब सुरांचा, संस्कार घेऊन. हिंदी-उर्दूवर त्यांची हुकमत नव्हती, म्हणून त्यांच्या कामाची रीत चाल आधी बांधण्याची. पेटीवर मुखडा बसवावा, तो कवीला पुन्हा पुन्हा ऐकवावा, आणि कवीने त्या मापात शब्द आणून द्यावेत. ही रीत केवळ बर्मन यांची नव्हे, मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा तो दंडकच होता, आणि त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक ध्वनी मावत नसे. त्यात वाद्यमेळाचा आरंभ, मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि मधले संगीत इतके बसवायचे, तेव्हा कवीच्या स्वैरतेला फारसा वाव उरत नसे. मजरूह यांनी ही मर्यादा तक्रार न करता स्वीकारली. मूळचे ते गझलकार, युनानी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले हकीम. १९४५ मध्ये एका मुशायऱ्यासाठी मुंबईस आले असता निर्माते कारदार यांनी त्यांना हेरले आणि नौशाद यांच्या संगीतात ‘शाहजहान’ (१९४६) साठी त्यांनी लिहिलेली गीते सैगल यांच्या कंठातून देशभर गेली. सरकारविरोधी कवितेपायी पुढे त्यांना तुरुंगवास घडला, तरी लेखणी थांबली नाही. सैगल यांच्यापासून ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) च्या तरुण गायकांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालींत त्यांनी शब्द बसवले. १९९३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले गीतकार.

चालीवर लिहिणे म्हणजे रिकाम्या जागा भरणे, असा एक समज आपल्या काव्यप्रेमी वर्गात दृढ आहे. तो किती उथळ आहे हे पाहण्यासाठी बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) मधील दूरध्वनीवरचे गाणे लक्षपूर्वक ऐकावे. एका टोकाला सुनील दत्त, दुसऱ्या टोकाला दूरध्वनीचा रिसीव्हर कानाशी धरून अबोल उभी राहिलेली नूतन, आणि मधे तलत महमूद यांचा तो कंपयुक्त, किंचित थरथरता आवाज. बर्मन यांनी वाद्यमेळ जाणूनबुजून मागे ठेवला आहे, कारण हे गाणे एका व्यक्तीच्या कानात सांगावयाचे आहे, सभेपुढे गावयाचे नाही. मजरूह यांनी काय केले आहे? मुखड्याची पहिली ओळ त्यांनी दोन छोट्या खंडांत तोडली, दोन्ही खंडांच्या शेवटी एकच यमक ठेवले, आणि ते अशा स्वरान्त अक्षरावर आणून सोडले की, तलत यांच्या आवाजातील कंपाला तेथे थांबून विरायला जागा मिळावी. मुखड्यात कठोर जोडाक्षर कोठेही वाटेत येत नाही. वाक्य मात्र कोठेही मोडत नाही. दूरध्वनीवर बोलणारा माणूस जसा लहान लहान वाक्यांशांनी बोलतो तसेच ते बोलणे राहते. चालीने घातलेली अट आणि प्रसंगाने घातलेली अट, दोन्ही एकाच अक्षराने पुऱ्या केल्या आहेत. याला कारागिरी म्हणा, काव्य म्हणा. माझ्या मते या दोहोंतील भेद येथे संपतो.

अर्थात या व्यवस्थेत शब्दकाराच्या मानाचा प्रश्न धुमसतच होता. ‘बाजी’, ‘जाल’ यांपासून बर्मन यांच्याबरोबर असलेले साहिर लुधियानवी ‘प्यासा’ (१९५७) नंतर त्यांच्यापासून दूर झाले, ते यशाचे श्रेय कोणाचे या वादातून. फिल्मफेअरने संगीतकारासाठी पारितोषिक १९५४ मध्येच ठेवले. गीतकाराला आणि पार्श्वगायकाला ते १९५९ पर्यंत लाभले नाही. शब्द हा गीताचा एक दुय्यम पुरवठा आहे, ही धारणा त्या काळच्या व्यवहारात किती खोल रुजली होती हे यावरून दिसते.

माडगूळकरांकडे वळताना आपण एका निराळ्या आश्रयाकडे वळतो. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या हाती आली. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ च्या ३ ऑक्टोबरला ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला आपले धोरण सैल करावे लागले. केसकरांच्या या अट्टाहासावर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त होती. चित्रपटगीत ऐकू न देणे हा श्रोत्यांवर अन्याय होता. परंतु त्याच काळात आकाशवाणीने शब्दप्रधान गायकीला जो आश्रय दिला त्याचे ऋण मराठीने नाकारू नये. पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या योजकतेने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झाले, दर आठवड्यास एक पद या क्रमाने पुढील वर्षाच्या रामनवमीपर्यंत चालले, आणि मधे अधिक मास आल्यामुळे पदांची संख्या छप्पन्न झाली. लिहिणारे माडगूळकर, चाली बांधणारे सुधीर फडके.

येथे पाव तासाचा अवधी हाती होता, तबकडीची तीन मिनिटे नव्हती, आणि कलेच्या दृष्टीने हा फरक मूलगामी ठरला. चित्रकूटावर भरताची समजूत घालणाऱ्या रामाचे पद घ्या. त्यात कडव्यामागून कडवी येतात; प्रथम कैकेयीला दोषमुक्त केले जाते, मग उत्कर्ष आणि अपकर्ष, संयोग आणि वियोग, जीवन आणि मरण यांचा विचार क्रमाक्रमाने मांडला जातो, तेथून राम भरताच्या अश्रूंकडे आणि अयोध्येच्या राज्याकडे उतरतो, आणि अखेर कोणीही पुन्हा या वनात येऊ नये अशी निर्वाणीची आज्ञा होते. हा एक सुसंगत युक्तिवाद आहे; दोन अंतऱ्यांत तो मांडताच आला नसता. फडक्यांनी यमनाच्या आधाराने बांधलेली चाल या युक्तिवादाला कोठेही अडवीत नाही. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद परत येते आणि त्याच शब्दांचा अर्थ दर वेळी थोडा अधिक गडद होतो, कारण मधल्या कडव्याने त्यात भर घातलेली असते. कीर्तनकाराचे निरूपण, पोवाड्याची कथनशक्ती आणि अभंगाची उक्ती ज्याच्या कानांवरून लहानपणापासून गेली होती, अशा कवीलाच हे साधावे. तेच माडगूळकर चित्रपटासाठी लावणीही तितक्याच सहजतेने लिहीत, आणि शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ची कथाही त्यांचीच.

तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहतो : आधी चाल की आधी शब्द? या तिघांचे कार्य समोर ठेवून पाहिले म्हणजे वाटते की, वादाचा हा मुद्दाच आपण चुकीच्या जागी धरला आहे. ‘सुजाता’ मध्ये चाल आधी होती आणि ‘गीतरामायणा’त शब्द आधी, परंतु दोन्ही ठिकाणी कवी आणि संगीतकार एकत्र बसत होते. एकाने म्हणावे, दुसऱ्याने अडवावे, एक अक्षर बदलावे, एक स्वर खाली आणावा, अशी ही बैठक होती, आणि माझ्या मते गीतकलेचा खरा आधार तीच होय.

आजच्या स्थितीचे परीक्षण याच कसोटीवर करावे लागते. आता चाल संगणकावर सिद्ध होते, तिच्यावर तात्पुरते अर्थहीन शब्द गाऊन ठेवले जातात, ज्यांना त्या धंद्यात ‘डमी’ म्हणतात, आणि ती फीत गीतकाराकडे पाठवली जाते. अनेकदा संगीतकाराची व त्याची गाठही पडत नाही. गाण्याचा विस्तार आता तबकडी ठरवीत नाही, भ्रमणध्वनीवरील काही सेकंदांचा तुकडा ठरवतो, म्हणून सारा भर एका ठसकेबाज ओळीवर पडतो आणि अंतरा अनाथ होतो. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांत गुणी मुले जुनीच गाणी घोटून घोटून गातात. त्यांचा गळा तयार होतो, नव्या गीताला जागा मिळत नाही. अपवाद आहेत आणि ते बोलके आहेत. संदीप खरे व सलील कुलकर्णी यांनी २००३ पासून ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमाने कवी-संगीतकारांची बैठक थेट रंगमंचावर आणली, आणि श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. ‘सैराट’ (२०१६) ची गीते लिहिण्यात अजय-अतुल या संगीतकारांचाच हात होता. तेथे बैठक एकाच घरात भरली, आणि त्या गीतांची बोली चालीशी इतकी एकजीव का झाली याचे उत्तर मला त्यात दिसते.

हक्काच्या बाबतीत मात्र स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच होय. २०१२ च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर झगडले, चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराच्या मानधनात गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा कायम केला, आणि तो करारानेही सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली. कागदावरचा हा मान प्रत्यक्षात उतरण्यास अजून पुष्कळ दक्षता लागेल. तरी साहिर ज्यासाठी भांडले त्याला कायद्याचे पाठबळ मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे.

चालीवर लिहिल्यामुळेच गीत हीन झाले, असे जे अद्याप म्हणतात त्यांच्यासाठी ‘गीतरामायणा’च्या भाषांतरांचा दाखला पुरेसा आहे. हिंदी, संस्कृत, कन्नड, तेलुगू, कोकणी अशा अनेक भाषांत ही पदे गेली, आणि ती फडक्यांच्या मूळ चालींवरच गाइली जावीत अशा बेताने रचली गेली. म्हणजे शब्दांतून जन्मलेली चाल या भाषांतरकारांच्या पुढ्यात आयती होती, आणि जे काम मजरूह यांनी जन्मभर केले तेच त्यांना करावे लागले. मराठीत मात्रा सांभाळून दीर्घ स्वर थोडा मागेपुढे सरकवता येतो. संस्कृतात लघु-गुरूंची शिस्त त्याहून कडक. चित्रकूटाचे ते एकच पद घेऊन, ध्रुपदात सम येते त्या जागी प्रत्येक भाषेत कोणता स्वर आला आहे आणि यमनाचा तीव्र मध्यम कोणत्या अक्षरावर पडतो, याची नोंद एखाद्या अभ्यासकाने केली, तर चालीवर लिहिण्याच्या कलेविषयी आपण आजवर केलेल्या चर्चेपेक्षा अधिक काही निश्चितपणे हाती लागेल.