रोहिणीचे पाणी : अट्ठकथा आणि बाबासाहेब

‘युद्ध नको, बुद्ध हवा’ ही घोषणा आपल्या जयंतीच्या फलकांवर वर्षानुवर्षे असते. बुद्ध हवा म्हणजे नेमके काय हवे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या तंट्याच्या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्यास या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे मिळतात, असे आम्हांस वाटते.

पहिली कथा धम्मपद-अट्ठकथेतील. ज्येष्ठ महिना, पिके सुकू लागलेली, बंधाऱ्याचे पाणी दोन्ही तीरांना अपुरे. शेतावरील दासकम्मकरांची बाचाबाची होते, ती परस्परांची कुळे काढण्यापर्यंत जाते आणि अखेर राजे शस्त्रे घेऊन उभे ठाकतात. तथागत येऊन कलहाचे कारण विचारतात. राजांना ते ठाऊकच नाही! विचारत विचारत प्रश्न दासकम्मकरांपाशी येतो, तेव्हा भांडण पाण्याचे असल्याचे कळते. अट्ठकथाकाराने हा तपशील सहज नोंदविला असेल. आमच्या मते कथेचे मर्म तोच आहे.

पुढे तथागत पाण्याचे व क्षत्रियांचे मोल विचारतात. पाणी अल्पमोल, क्षत्रिय अनमोल, असे उत्तर येते आणि युद्ध टळते. परंतु हे उत्तर राजांचे आहे. ज्याच्या हातचे पीक करपत होते, त्याने पाण्याला अल्पमोल म्हटले असते काय? शिवाय दुसऱ्या दिवशी पाणी कोणत्या तीराला गेले, याविषयी अट्ठकथा काहीच सांगत नाही. शांतता झाली ती तथागतांच्या उपस्थितीमुळे. ती टिकविणारी व्यवस्था मागे उरली नाही. कुळाचा अभिमानही तसाच राहिला. याच अट्ठकथेत अन्यत्र विडूडभाची कथा येते. त्याची आई महानाम शाक्याची दासीपासून झालेली कन्या. म्हणून तो बसलेले आसन शाक्यांनी दूधपाण्याने धुवविले. पुढे त्याने शाक्यांचा संहार केला. तथागतांनी त्याला तीनदा परतविले, चौथ्यांदा नाही. अट्ठकथाकार या संहाराचे कारण शाक्यांच्या पूर्वजन्मीच्या कर्मात शोधतो. धुतलेले आसन समोर असताना इतके दूर कशाला जावे?

दुसरी कथा बाबासाहेबांच्या, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथातील. येथे सिद्धार्थ शाक्यसंघाचा सभासद आहे. दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा व त्या पाचांनी तंटा मिटवावा, अशी सूचना तो मांडतो. ती प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. संघराज्य असले, मतदान होत असले, म्हणजे शांतता आपोआप येते, हा भ्रम बाबासाहेबांनी येथे ठेवलेला नाही. सिद्धार्थ गृहत्याग करतो. त्यानंतर लोक युद्धाविरुद्ध उठतात, दोन्ही बाजूंचे पाच-पाच प्रतिनिधी बसतात आणि रोहिणीच्या पाण्याबाबतचे सर्व तंटे सोडविण्यासाठी कायमचे लवादमंडळ नेमले जाते. शांतता होते तेव्हा सिद्धार्थ तेथे नसतो.

या कथेला तिपिटकात आधार नाही, हा आक्षेप जुना आहे. या स्वरूपात ती तेथे नाही, हे पालीचे अभ्यासक म्हणून आम्ही मान्य करतो. तथापि अट्ठकथाही बुद्धानंतर शतकांनी रचली गेली. तिनेही आपल्या काळाचे उत्तर दिले. ‘कायमचे’ या शब्दाचे वजन समजण्यास १९६० चा सिंधू पाणीवाटप करार पाहावा. त्याखाली दोन्ही देशांच्या आयुक्तांचा स्थायी आयोग होता आणि १९६५, १९७१ व १९९९ च्या लढायांतही करार टिकला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. पाणी वाटले गेले, वैर मात्र गेले नाही.

बाबासाहेबांना हा फरक दिसत होता. म्हणूनच त्यांचा गौतम शांततेची वार्ता ऐकूनही घरी परतत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील संघर्ष अधूनमधून होतो, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र अखंड चालतो, या विचाराने तो पुढे जातो. आमचे समाधान एकाच ठिकाणी अडते. त्या दहा प्रतिनिधींत किंवा लवादमंडळात शेताला पाणी देणारा एकतरी होता काय, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. अट्ठकथेतील तथागत निदान त्याच्यापर्यंत प्रश्न घेऊन गेले होते.