हाडांच्या औषधांचा एकत्रित पुरावा : एक चिकित्सा

खुब्याचे हाड मोडले की म्हातारी बाई अंथरुणाला खिळते, हे पांढुर्णा-सौंसर भागातील कुटुंबांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच हाडांच्या ठिसूळपणावरील औषधांचे दावे तपासून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत टिपणात अलेंड्रोनेट या औषधाविषयीच्या एकत्रित पुराव्याचा विचार केला आहे.

कोक्रेनच्या 2008 च्या समीक्षेत 11 चाचण्या व 12,068 स्त्रियांचा समावेश होता. हाडांची घनता बरीच घटलेल्या किंवा मणक्याचा अस्थिभंग झालेल्या स्त्रियांत खुब्याचे अस्थिभंग 53 टक्क्यांनी घटले. आकडा खरा आहे. परंतु शंभर स्त्रियांमागे ही घट केवळ एक भरते. मूळ चाचण्यांपैकी 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत हे प्रमाण 2.2 टक्क्यांवरून 1.1 टक्क्यांवर आले होते. 'निम्म्याने घट' आणि 'शंभरात एक' ही एकाच वस्तुस्थितीची दोन रूपे होत. जाहिरातीला पहिले सोयीचे असते, तर निर्णय घेणाऱ्या स्त्रीला दुसरेही कळले पाहिजे. मणक्याच्या बाबतीत लाभ अधिक ठोस आहे : शंभरामागे सहा. मात्र कमी धोका असलेल्या स्त्रियांत खुब्याचे अस्थिभंग टळतात, असे या समीक्षेत सिद्ध झाले नाही.

दुसरा मुद्दा साधनांच्या शुद्धतेचा. एकाच सदोष हस्तलिखितावरून उतरलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षी नव्हेत, हे पाठचिकित्सेचे तत्त्व येथेही लागू पडते. जपानचे संशोधक योशिहिरो सातो यांच्या रिसेड्रोनेट आदी औषधांवरील चाचण्या 2016 पासून मागे घेण्यात आल्या. तोपर्यंत त्या अनेक एकत्रित विश्लेषणांत मिसळून गेल्या होत्या. बेरीज अचूक असली तरी एखादी रक्कमच खोटी असेल, तर उत्तर विश्वसनीय राहत नाही.

तिसरे असे की, उपर्युक्त अमेरिकन चाचणीत आहारातून कॅल्शियम कमी मिळणाऱ्या स्त्रियांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्वही दिले होते. ते वगळून केवळ गोळी दिल्यास तोच परिणाम मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

सारांश, हा पुरावा टाकाऊ नाही. ज्यांचा धोका मोठा, त्यांना तो आधार देतो. परंतु 'किती टक्के' हे ऐकल्यावर 'शंभरात किती जणी, आणि कोणत्या' हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येक घराने बजावला पाहिजे.