'द्रष्टा' आणि 'पटिकच्च'

पनवेल परिसरातील जयंतीच्या फलकांवर, तसेच आपल्या गौरवपर लेखनातही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सर्रास 'द्रष्टा', 'युगद्रष्टा' म्हटले जाते. त्यामागील आदराविषयी वाद नाही. परंतु शब्द आपले कुळ सोबत घेऊन येतो. वेदमंत्र ऋषींनी रचले नाहीत, त्यांना ते 'दिसले', म्हणून ऋषी मंत्रद्रष्टे, अशी या शब्दाची परंपरा आहे. जे दिसले त्याला पुरावा मागता येत नाही. 'दूरदृष्टी' हा शब्द त्या मानाने निरुपद्रवी होय. तथापि पालीत नुसती 'दिट्ठि' आली की बहुधा चुकीचे मतच अभिप्रेत असते, हेही ध्यानात असावे.

ब्रह्मजालसुत्तात ग्रहणे, पाऊसपाणी, राजांचे जयपराजय यांची भाकिते सांगून पोट भरणे हीन विद्येत गणले आहे. चूळसकुलुदायिसुत्तात तर तथागत भूत व भविष्य यांची चर्चा बाजूस ठेवतात आणि 'हे असता ते होते' हा कार्यकारणभाव शिकवतात.

मग भविष्याचा विचारच नको काय? तसे नाही. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात अनागतभयाची, म्हणजे पुढे येणाऱ्या भयांची सुत्ते आहेत. अशोकाने भाब्रूच्या लेखात भिक्षू, भिक्षुणी व उपासक-उपासिकांसाठी जे धम्मग्रंथ नेमले, त्यांत 'अनागतभयानि' हे नाव आहे. यांपैकी एका सुत्तात भिक्षू विचार करतो: आज तारुण्य आहे, आरोग्य आहे, भिक्षा सुलभ आहे, संघात ऐक्य आहे, हे सारे पालटेल, तेव्हा आताच उद्योगाला लागावे. या 'आताच'साठी सुत्तात 'पटिकच्च' हा शब्द येतो. कोशकार त्याचा संबंध 'पटिकरोति' या क्रियापदाशी जोडतात. म्हणजे शब्दाच्या मुळाशी पाहणे नाही, करणे आहे.

या कसोटीवर बाबासाहेबांचे १९५५ चे भाषिक राज्यांवरील पुस्तक वाचावे. त्यात बिहारचे दोन भाग करून पाटणा व रांची या राजधान्या सुचविल्या आहेत. मध्य प्रदेशाचेही विभाजन सुचविले आहे. २००० मध्ये झारखंड व छत्तीसगड निर्माण झाली, आणि आपले वक्ते 'भविष्यवाणी खरी ठरली' म्हणू लागले. परंतु त्याच पुस्तकात उत्तर प्रदेशाची मेरठ, कानपूर व अलाहाबाद या राजधान्यांची तीन राज्ये करण्याची सूचना आहे. ती अमलात आलेली नाही. २००० मध्ये केवळ उत्तराखंड वेगळे झाले. मग भविष्यवाणी अर्धी खोटी ठरली म्हणावयाचे काय? प्रशंसकांनीच महापुरुषाला अशा अडचणीत टाकावे, हे चमत्कारिक आहे.

वस्तुतः ते भाकीत नव्हतेच. लोकसंख्येने अवाढव्य उत्तरेकडील राज्ये आणि विभागलेली दक्षिण यांतील असमतोल संघराज्यास घातक ठरेल, हे कारण. विभाजन हा त्यावरील आगाऊ उपाय. उपाय योजला गेला नाही म्हणून कारणमीमांसा चुकीची ठरत नाही. लोकसभा मतदारसंघांच्या फेररचनेविषयी दक्षिणेकडील राज्यांनी जी भीती वारंवार बोलून दाखविली आहे, तिचा उलगडा त्या पुस्तकातील लोकसंख्येच्या आकड्यांवरून होतो. फलक लिहिणाऱ्यांनी ते आकडे एकदा पाहावेत.