टिळकांच्या अभंगांतील विसावा

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्तभक्तिपर अभंगांत शांती फार स्वस्त झाली आहे, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस तो मान्य नाही. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसाराची ताटातूट झाली. त्या दिवसांची तगमग लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. तो ग्रंथ शेजारी ठेवूनच हे अभंग वाचावेत. ('फुलामुलांचे कवी' ही उपाधी येथे आडवी येते.) काही रचना उपदेशाने जड झाल्या आहेत, हे खरे. परंतु अभंग त्यांनी उसना आणलेला नाही. तळमळीतून विसाव्याकडे नेणारी तुकोबांची वाट त्यांच्या पायाखालचीच होती. आणि विसावा म्हणजे स्वस्थता नव्हे: पंचावन्नाव्या वर्षी, १९१७ मध्ये, मिशनची चाकरी सोडून ते 'देवाचा दरबार' उभारावयास निघाले.