‘बेघर’ शब्दाची मर्यादा आणि निवाऱ्याचे धोरण

‘बेघर’ या शब्दातील ‘बे’ हा फारसी उपसर्ग केवळ अभाव दर्शवितो. घर कसे सुटले, हे तो सांगत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातील निवारा योजनेने हीच मर्यादा पत्करली. दर लाख लोकवस्तीमागे किमान १०० जणांसाठी कायम निवारा, हे तिचे प्रमाण होते. इतवारीत दुकाने बंद झाल्यावर ओट्यावर निजणारा हमाल त्या हिशेबात येत असे. पडक्या वाड्यातून उद्या निघावे लागणारा भाडेकरू येत नसे. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाच्या तर नावातच ‘निर्मूलन’ आहे. पण मूळ उपटले जाते ते वस्तीचे की माणसाचे? निवारा आवश्यक आहे, हे निर्विवाद. तथापि घर जाण्यापूर्वी द्यावयाच्या साहाय्यास स्वतंत्र संज्ञा व स्वतंत्र निधी लाभल्याखेरीज प्रतिबंधाची भाषा पोकळच राहील.